महिनोन्‌महिने न हटणारा कफ आणि जिवाणूंची बायोफिल्म

गोदातीर (धागा सुरू करणारी) :

नमस्कार. मी नाशिकमधील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करते. "रिपोर्टमध्ये औषध लागू पडते असे लिहिले होते, कोर्सही पूर्ण केला, मग कफ परत कसा आला?" हा प्रश्न मी काउंटरवर अनेकदा ऐकला आहे. गेल्या दोन हिवाळ्यांत तो माझ्या आईनेही मला विचारला. तिला तरुणपणी क्षयरोग झाला होता. पूर्ण उपचार घेऊन ती बरी झाली, परंतु डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागातील श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या राहिल्या. या अवस्थेला ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात. ती निफाड तालुक्यात राहते आणि तिकडची थंडी सुरू झाली की तिचा खोकला वाढतो, कफ पिवळट-हिरवा होतो, औषधाने आठ-दहा दिवस बरे वाटते आणि महिन्याभरात पुन्हा तेच सुरू होते.

तिला मी जे समजावून सांगितले, तेच येथे सविस्तर लिहीत आहे. हा उपचारांचा सल्ला नाही. आपल्या छातीत नेमके काय चालले आहे हे समजले, तर डॉक्टरांशी बोलणे सोपे होते आणि उपचारांतील कंटाळवाणा भाग करण्याची इच्छा टिकते, एवढ्यासाठी हा धागा काढला आहे.

जिवाणू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे द्रवात सुटे सुटे पोहणारे कण येतात, कारण शाळेच्या पुस्तकातले चित्र तसेच असते. प्रत्यक्षात निसर्गात बहुतेक जिवाणू वस्ती करून राहतात. पाणी ओसरल्यावर गोदाघाटाच्या पायऱ्यांवर पाय सटकतो, तो ज्या बुळबुळीत थरामुळे, त्यात शेवाळाबरोबर असंख्य जिवाणू आपणच तयार केलेल्या चिकात रुतून बसलेले असतात. सकाळी दात घासण्यापूर्वी जिभेला दातांवर जाणवणारा थरही याच जातीचा. चिकात राहणाऱ्या जिवाणूंच्या अशा वस्तीलाच बायोफिल्म म्हणतात. अँटनी व्हॅन लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्ये दातांवरचे असे कीटण स्वतः बनवलेल्या भिंगाखाली पाहिले आणि त्यातील हलणाऱ्या जीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. मात्र अशी वस्ती माणसाच्या फुप्फुसातही असते आणि आजार चिवट होण्याचे ते एक मुख्य कारण असते, हे ध्यानात यायला १९७० चे दशक उजाडावे लागले. कोपनहेगनमध्ये नील्स हॉयबी यांना सिस्टिक फायब्रोसिस या, कफ घट्ट करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या कफात स्यूडोमोनास जिवाणूंचे पुंजके दिसले आणि कॅनडात बिल कॉस्टर्टन यांनी नद्यांतील दगडांपासून माणसाच्या शरीरापर्यंत जिवाणू पृष्ठभागाला कसे चिकटतात याचा पाठपुरावा केला.

ही वस्ती कशी उभी राहते, ते स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूच्या उदाहरणाने सांगते, कारण त्याचा अभ्यास सर्वाधिक झालेला आहे आणि माझ्या आईच्या कफातही तोच निघाला.

निरोगी श्वासनलिकेत त्याला पाय रोवता येत नाही. नलिकेच्या आतून सूक्ष्म रोमांचे अस्तर असते. हे रोम सेकंदाला सुमारे १० ते १५ वेळा हलतात आणि वरचा पातळ कफ, त्यात अडकलेल्या धूळ-जंतूंसह, सतत घशाकडे सरकवत राहतात. क्षयरोगाने, गोवराने, डांग्या खोकल्याने किंवा वारंवार झालेल्या न्यूमोनियाने ज्या ठिकाणी हे अस्तर नष्ट होते आणि नलिका सैल पडते, तेथे कफ साचतो. एखाद्या ओहोळाचे वाहते पाणी डबक्यात थांबावे तसे हे होते. या थांबलेल्या कफात आलेला जिवाणू आधी आपल्या शेपटीसारख्या कशाभिकेच्या बळावर पोहत असतो. पृष्ठभागाशी किंवा घट्ट कफाशी संपर्क आला की त्याच्या पेशीत सायक्लिक-डाय-जीएमपी नावाच्या एका लहानशा रेणूचे प्रमाण वाढू लागते. हा रेणू १९८७ मध्ये जेरुसलेममधील मोशे बेन्झिमान यांच्या गटाने अगदी वेगळ्या, सेल्युलोज बनवणाऱ्या जिवाणूत शोधला होता. त्याचे प्रमाण वाढले की जिवाणू पोहणे सोडतो आणि चीक तयार करायला लागतो. कमी झाले की उलटे घडते. पोहायचे की बसायचे, हा निर्णय बऱ्याच अंशी या एका रेणूच्या पातळीवर ठरतो, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

हा चीक म्हणजे प्रामुख्याने लांब साखळ्यांच्या शर्करा, प्रथिने आणि पेशींबाहेर पडलेला डीएनए. यातला डीएनए काही अंशी फुटलेल्या जिवाणूंचा असतो आणि छातीत बराचसा आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. जिवाणूंशी लढायला आलेल्या पेशी तेथेच मरतात आणि त्यांचे धागे त्या चिकाला आणखी बळकटी देतात. शरीराने लढण्यासाठी पाठवलेली कुमक शत्रूच्या तटबंदीचा चुना होऊन बसते. दीर्घ काळ राहिलेल्या स्यूडोमोनासमध्ये पुढे म्युक-ए या जनुकात बिघाड होतो आणि अल्जिनेट नावाच्या शर्करेवरचा लगाम सुटतो. समुद्रातील तपकिरी शैवालापासून मिळणारे अल्जिनेट याच प्रकारचे असते. आमच्याकडे अगार प्लेटवर (जिवाणू वाढवण्याच्या जेलीच्या थाळीवर) अशी वसाहत लगेच ओळखू येते. नेहमीची वसाहत चपटी, कडेला वेडीवाकडी आणि हिरवट असते, तर ही ओलसर, चकचकीत, फुगीर असते, आणि तिच्यात तारेची कडी टेकवून उचलली की पाक एकतारी झाल्यासारखा चीक तिच्याबरोबर ओढला जातो. इनक्युबेटर उघडताच स्यूडोमोनासचा गोडसर वासही येतो. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत त्याला द्राक्षाचा वास म्हटलेले आहे आणि नाशिकच्या माणसाला तो ओळखायला पुस्तक लागत नाही. आईच्या नमुन्याची प्लेट मी स्वतः पाहिली त्या दिवशी तो वास आला, तेव्हाच मला कळले की हा पाहुणा कोण आहे.

वस्ती दाट झाली की जिवाणू एकमेकांची संख्या जोखतात. प्रत्येक जण एक संकेतरेणू बाहेर सोडत असतो. गर्दी वाढली की त्याची तीव्रता एका मर्यादेपलीकडे जाते आणि सगळे मिळून वागणूक बदलतात. हे आधी १९७० मध्ये समुद्रातील प्रकाशमान जिवाणूंमध्ये ध्यानात आले होते. १९९८ मध्ये असे दाखवण्यात आले की संकेतरेणू बनवू न शकणारा स्यूडोमोनास प्रयोगशाळेत थर तर धरतो, पण तो थर पातळ आणि सपाट राहतो, आणि साबणासारख्या द्रव्याने सहज विस्कटतो.

आता औषधाकडे वळते. बायोफिल्ममधील जिवाणूंना मारायला सुट्या जिवाणूंच्या तुलनेत १०० ते १००० पट तीव्रतेचे प्रतिजैविक लागू शकते. टोब्रामायसिनसारख्या औषधांवर धन विद्युतभार असतो, चिकातील डीएनए आणि अल्जिनेट यांवर ऋण भार असतो, त्यामुळे औषधाचा काही भाग वाटेतच अडकून पडतो. थराच्या आतल्या बाजूस प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून तेथील जिवाणू अर्धवट झोपेत असतात, आणि वाढणाऱ्या पेशींवरच घाव घालणारी औषधे या झोपलेल्यांना फारसे काही करू शकत नाहीत. शिवाय काही मोजक्या पेशी अशा असतात की त्या औषधाला प्रतिरोधक नसतात, तरीही मरत नाहीत. जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये पेनिसिलिनच्या प्रयोगांत हे पाहिले. स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या द्रावणात भरपूर पेनिसिलिन घातले तरी अगदी थोड्या पेशी शिल्लक राहत, आणि त्यांची नव्याने वाढ केली की ती पिढी पुन्हा पेनिसिलिनला पूर्वीइतकीच बळी पडे. या पेशींना त्यांनी 'पर्सिस्टर', म्हणजे तग धरून राहणाऱ्या, असे नाव दिले. आईच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर येथे आहे. औषध चुकीचे नव्हते आणि रिपोर्टही खोटा नव्हता. औषधाने बाहेरची फौज मारली म्हणून ताप उतरला, कफाचा रंग निवळला. आतली वस्ती राहिली आणि औषध थांबल्यावर तिने पुन्हा बाहेर माणसे पाठवली.

आपले अनुभव आणि शंका जरूर लिहा.

प्रतिसाद – द्राक्षबाग :

ताई, मी दिंडोरी तालुक्यात द्राक्षे करतो. वैद्यकातले मला काही कळत नाही, परंतु तुमचे लिखाण वाचताना मला सारखी ठिबकची नळी दिसत होती. आमच्या सोळा मिलिमीटरच्या लॅटरल, म्हणजे ओळींतल्या नळ्या, एखाद्या हंगामात साफ केल्या नाहीत, तर ड्रिपर चोंदतात. शेवटची टोपी काढून पाणी सोडले की आधी तपकिरी, बोटाला गुळगुळीत लागणारा गाळ येतो, आणि नळी उभी चिरून पाहिली तर आतून पातळ सालीसारखा थर चिकटलेला असतो. नखाने खरवडला तरी सहज निघत नाही.

क्षारांसाठी आम्ही ॲसिड देतो आणि या बुळबुळीत थरासाठी क्लोरीन. दोन्ही कधीही एकत्र करायचे नसतात, कारण त्यातून विषारी वायू निघतो. सुरुवातीच्या वर्षांत मी क्लोरीन सोडून दोन तासांनी मोटार बंद करायचो आणि काम झाले असे समजायचो. पुढे एका जाणत्या माणसाने सांगितले की क्लोरीन टाकीपाशी मोजू नका, सर्वांत लांबच्या ओळीच्या शेवटच्या ड्रिपरपाशी मोजा. मोजले तर तेथे काहीच नव्हते. सगळे वाटेतल्या घाणीनेच खाऊन टाकले होते. तेव्हापासून आधी टोप्या उघडून भरपूर पाण्याने नळ्या धुतो, मग क्लोरीन सोडतो, काही तास नळीत तसेच राहू देतो आणि पुन्हा धुतो. तुमच्या आईंच्या छातीतही असेच आधी धुवून मग औषध देण्याची काही सोय आहे का?

गोदातीर :

दादा, तुमच्या उदाहरणाने माझे काम फार सोपे केले. शेवटच्या ड्रिपरपाशी क्लोरीन पोहोचत नाही याचे कारण आणि कफाच्या खोल थरात टोब्रामायसिन पोहोचत नाही याचे कारण जवळपास एकच आहे. औषध थरात शिरता शिरता त्याच्याशीच बांधले जाते आणि संपते. आणि हो, आधी धुण्याची सोय आहे. ती उपचारांचा कणा आहे, त्याबद्दल कोणी जाणकार लिहील तर अधिक बरे.

मात्र एक फरक नोंदवून ठेवते. नळीत थर भिंतीला चिकटलेला असतो. आपल्या छातीत बहुतेक वेळा जिवाणूंचे पुंजके भिंतीला न चिकटता घट्ट कफातच तरंगत असतात. हॉयबी यांनाही कफात पुंजकेच दिसले होते. म्हणून बायोफिल्म म्हणजे पृष्ठभागावरचा थर ही जुनी व्याख्या आता संशोधक सैल करत आहेत, आणि एकमेकांना धरून, स्वतःच्या किंवा रुग्णाच्या चिकात राहणारा समूह असा तिचा अर्थ घेतात. आईसारख्या रुग्णांसाठी ही बातमी चांगली आहे, कारण भिंतीवरची साल खरवडता येत नाही, पण तरंगणारा कफ बाहेर काढता येतो.

प्रतिसाद – दोन पाखरं :

माझ्या पाच वर्षांच्या मुलाला वर्षभरात चार वेळा कानाचे दुखणे झाले. प्रत्येक वेळी आधी सर्दी, मग कान. पेंटाव्हॅलंट लस दिलेली आहे, तिच्यात हिमोफिलस इन्फ्लुएंझाची लस असते असे पुस्तिकेवर लिहिले आहे. मग डॉक्टर म्हणतात त्याप्रमाणे हाच जंतू कानात कसा येतो? आणि कान हा श्वसनाच्या आजारात मोडतो का?

गोदातीर :

मोडतो, कारण मधल्या कानातून नाकामागच्या पोकळीत उघडणारी नळी असते. लहान मुलांमध्ये ती आखूड आणि आडवी असते, त्यामुळे नाकामागे राहणारे जिवाणू सहज कानापर्यंत जातात.

हिमोफिलस इन्फ्लुएंझा हे नावच एका जुन्या गैरसमजातून आलेले आहे. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर यांना इन्फ्लुएंझाच्या रुग्णांत हा जिवाणू सापडला आणि तोच इन्फ्लुएंझाचे कारण आहे असे त्यांना वाटले. माणसातील इन्फ्लुएंझाचा खरा विषाणू १९३३ मध्ये हाती लागला, पण तोवर नाव रूढ झाले होते. या जिवाणूच्या काही जातींभोवती शर्करेचे कवच असते. त्यातील 'बी' कवचाच्या जातीविरुद्ध ती लस आहे आणि मेंदूज्वरासारख्या जिवावरच्या आजारापासून ती मुलांना वाचवते. कानाच्या आणि जुनाट ब्रॉन्कायटिसच्या दुखण्यात मात्र बहुधा कवच नसलेली जात असते. तिच्यावर ती लस चालत नाही, आणि बायोफिल्म करण्यात हीच जात तरबेज आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वारंवार किंवा दीर्घ काळ कानाचा त्रास असलेल्या मुलांच्या मधल्या कानाच्या अस्तराचे ५० नमुने विशेष सूक्ष्मदर्शकाने तपासले, त्यांपैकी ४६ मध्ये बायोफिल्म दिसली. कानातल्या पाण्याचे कल्चर (जिवाणू वाढवून पाहण्याची तपासणी) अनेकदा निरंक येते आणि तरीही मूल बरे होत नाही, याचा उलगडा या निरीक्षणाने बराचसा झाला.

आधी सर्दी आणि मग कान, हा तुम्ही टिपलेला क्रमही अगदी खरा आहे. न्यूमोकोकस नावाचा जिवाणू कित्येक निरोगी मुलांच्या नाकामागे बायोफिल्म करून शांतपणे राहतो. तेथील तापमान शरीराच्या आतल्या भागापेक्षा कमी, सुमारे ३४ अंश असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की इन्फ्लुएंझाचा विषाणू आला, किंवा ताप चढून तापमान ३८.५ अंशांवर गेले, किंवा इजा झालेल्या पेशींतून एटीपीसारखी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) द्रव्ये बाहेर पडली, की हा जिवाणू वस्ती सोडून सुटा होतो, आणि सुटे झालेले जिवाणू वस्तीतल्यांपेक्षा कितीतरी अधिक आक्रमक असतात. घराला आग लागल्यासारखे ते बाहेर पडतात आणि कानात किंवा फुप्फुसात उतरतात. म्हणून मुलाला न्यूमोकोकसची लस दिली आहे का, हे कार्डावर पाहा. देशाच्या लसीकरण कार्यक्रमात ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून सर्वत्र दिली जाते. वर्षाला चार वेळा कान दुखत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऐकण्याची तपासणीही करून घ्यावी, कारण पडद्यामागे साचलेले पाणी दुखत नाही, पण मुलाला ऐकू कमी येते आणि बोलणे मागे पडते.

प्रतिसाद – सातपूरकर :

लेख आवडला, पण एक मूलभूत शंका आहे. बायोफिल्ममुळे औषध पोहोचतच नसेल, तर कल्चर आणि सेन्सिटिव्हिटीचा (कोणते औषध लागू पडते ते पाहण्याच्या तपासणीचा) खर्च रुग्णाने का करावा? आणि प्रयोगशाळा बायोफिल्मवरच औषध तपासून रिपोर्ट का देत नाहीत?

गोदातीर :

प्रश्न रास्त आहे आणि आमच्या कामाच्या मर्मावर बोट ठेवणारा आहे. आम्ही बेडक्यातून जिवाणू वेगळा करतो, द्रावणात एकसारखा पसरवतो आणि त्याच्यावर औषधाच्या चकत्या ठेवतो. म्हणजे तपासणीच्या वेळी जिवाणू सुटा, भरपेट खाल्लेला आणि वेगाने वाढणारा असतो. छातीतला त्याचा भाऊ तसा नसतो. तरीही रिपोर्टचा उपयोग मोठा आहे. सुट्या अवस्थेतही जे औषध चालत नाही, ते वस्तीवर चालण्याची शक्यता नसते, त्यामुळे कोणते वापरू नये हे खात्रीने कळते. आजार उसळतो तेव्हा त्रास देणारे बरेचसे सुटे झालेले जिवाणूच असतात, आणि त्यांच्यासाठी रिपोर्ट खरा ठरतो.

बायोफिल्मवर औषध तपासण्याची साधने आहेत. १९९९ मध्ये कॅल्गरीत असे एक उपकरण तयार झाले, ज्याच्या झाकणाला खुंट्या असतात आणि त्या खुंट्यांवर बायोफिल्म वाढवून ती औषधात बुडवतात. परंतु अशा तपासणीवरून औषध निवडल्याने रुग्णाला नेहमीच्या पद्धतीपेक्षा अधिक फायदा होतो, असे सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांवरील चाचण्यांत सिद्ध झाले नाही. प्लॅस्टिकच्या खुंटीवरची बायोफिल्म आणि माणसाच्या कफातली बायोफिल्म यांत अंतर आहे, हेच त्याचे कारण असावे असे मला वाटते.

प्रतिसाद – वैद्यक :

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. धाग्यातील माहिती योग्य आहे. उपचारांच्या बाजूने काही भर घालतो, कारण बायोफिल्म हा शब्द वाचून लोक इंटरनेटवर तोडगे शोधू लागतात आणि त्यात धोका आहे.

भारतातल्या ब्रॉन्किएक्टॅसिसचे स्वरूप युरोपातल्यापेक्षा वेगळे आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत २,१९५ रुग्ण होते. त्यांच्यात सर्वाधिक आढळलेले मूळ कारण क्षयरोग होते, सुमारे ३५ टक्के, आणि कफात सर्वाधिक सापडलेला जिवाणू स्यूडोमोनास होता. त्यामुळे गोदातीर यांच्या मातोश्रींची कहाणी अपवाद नाही, आपल्याकडची ती सर्वांत नेहमीची कहाणी आहे. अशा रुग्णाचा खोकला वाढला की पहिली जबाबदारी म्हणजे क्षयरोग उलटला नाही ना याची खात्री करणे. बेडक्याची तपासणी न करता केवळ जुन्या एक्स-रेवरून क्षयाची औषधे पुन्हा सुरू करणे आणि खरोखर उलटलेला क्षय ब्रॉन्किएक्टॅसिस समजून सोडून देणे, अशा दोन्ही चुका मी पाहिल्या आहेत.

ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक कमी मात्रेत दीर्घ काळ दिल्याने वारंवार आजार उसळणाऱ्या रुग्णांत उसळण्याचे प्रमाण घटते, हे २०१२ आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दिसले. गंमत नव्हे, खरोखर विचार करण्याजोगी गोष्ट अशी की नेहमीच्या तपासणीत हे औषध स्यूडोमोनासला मारत नाही. ते त्यांच्या आपसातील संकेतांत आणि अल्जिनेट बनवण्यात अडथळा आणते व शरीराचा दाह कमी करते, असे मानले जाते. परंतु हे सुरू करण्यापूर्वी कफात क्षयरोगाच्या कुळातले इतर मायकोबॅक्टेरिया नाहीत ना, हे तपासावेच लागते. ते असताना एकटे ॲझिथ्रोमायसिन दिले, तर त्यांच्यावरचे मुख्य अस्त्रच बोथट होते. ऐकण्यावर आणि हृदयाच्या ठोक्यांवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. म्हणून मेडिकलमधून परस्पर घेऊन ते महिनोन्‌महिने खाऊ नका, ही कळकळीची विनंती.

दुसरी गोष्ट. चिकातला डीएनए तोडणारे डॉर्नेज अल्फा हे औषध सिस्टिक फायब्रोसिसमध्ये उपयुक्त ठरले. तर्काने ते इतर ब्रॉन्किएक्टॅसिसमध्येही चालायला हवे होते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत उलटे दिसले, त्या रुग्णांचा आजार अधिक वेळा उसळला आणि श्वासाची क्षमता घटली. प्रयोगशाळेतला तर्क कितीही सुंदर असला तरी रुग्णावर पारखल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना याच उदाहरणावरून शिकवतो.

प्रतिसाद – श्वासगती :

मी फिजिओथेरपिस्ट आहे. द्राक्षबाग दादांनी विचारलेली 'आधी धुणे' ही क्रिया म्हणजे माझे रोजचे काम. रुग्णाला आधी काही मिनिटे शांत श्वास घ्यायला लावतो. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येकानंतर दोन-तीन सेकंद थांबणे. या थांबण्यात हवा शेजारच्या वाटांनी अडलेल्या कफाच्या मागे शिरते, आणि हाच भाग लोक घाईत गाळतात. त्यानंतर चष्म्याच्या काचेवर वाफ धरण्यासाठी आपण तोंड उघडे ठेवून 'हाऽ' करतो, तसा पण अधिक लांब आणि जोरकस उच्छ्वास. कफ वर सरकला की छातीत खरखर ऐकू येते, मग एकच खोकला. सतत खोकत राहिल्याने श्वासनलिका दबतात, दमायला होते आणि कफ जागचा हलत नाही.

कोणत्या कुशीवर झोपायचे किंवा कसे बसायचे, हे कफ कोठे साचतो त्यावर ठरते. गोदातीर ताईंच्या आईंचा वरचा भाग बाधित आहे, म्हणजे त्यांना बसूनच चांगला निचरा होईल. डोके खाली करून झोपण्याचा जुना प्रकार त्यांनी करू नये. डॉक्टरांनी तीव्र मिठाच्या पाण्याचे नेब्युलायझेशन (यंत्राने तुषार करून श्वासातून घेणे) सांगितले असेल तर ते व्यायामाच्या आधी किंवा व्यायाम करताना घ्यावे, कारण त्याने कफात पाणी ओढले जाते आणि तो सैल होतो. नेब्युलायझरमधून घ्यायचे प्रतिजैविक मात्र कफ काढून झाल्यावर घ्यावे. क्रम उलटला तर औषध कफावर बसते आणि थोड्या वेळाने त्याच्याबरोबर भांड्यात पडते.

गोदातीर :

मनापासून आभार. क्रमाबद्दलचे शेवटचे वाक्य मी आईला फोनवर जसेच्या तसे वाचून दाखवले. ती गेले वर्षभर आधी औषध आणि मग कफ असे करत होती, आणि आम्हां कोणाच्याही ते लक्षात आले नाही.

नेब्युलायझरविषयी एक अनुभव लिहिते. दिवाळीत गावी गेले तेव्हा तिच्या यंत्राची औषधाची वाटी हातात घेतली. दिसायला स्वच्छ होती. आतून बोट फिरवले तर कडेच्या खाचेत तोच परिचित बुळबुळीतपणा लागला. ती रोज वाटी नळाखाली विसळत होती आणि ओलीच डबीत झाकून ठेवत होती. खाचेवरून फिरवलेला स्वॅब मी प्रयोगशाळेत लावला, दुसऱ्या दिवशी प्लेट हिरवी झाली होती. आईच्या छातीतला जिवाणू वाटीत गेला की वाटीतला छातीत, हे या एका प्लेटवरून सांगता येत नाही. पण दिवसातून दोनदा ती वाटीतले तेच तुषार फुप्फुसात खोलवर ओढून घेत होती, एवढे खरे.

आता आम्ही प्रत्येक वापरानंतर वाटी आणि मुखनळी सुटी करून साबणाच्या कोमट पाण्याने घासतो. ज्या सुट्या भागांना उकळणे चालते असे कंपनीच्या पत्रकात लिहिले आहे, ते दिवसातून एकदा पाच मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवतो, आणि मग स्वच्छ फडक्यावर उघड्यावर पूर्ण कोरडे होऊ देतो. कोरडे होणे यात सर्वांत महत्त्वाचे, कारण स्यूडोमोनासला ओल लागते. वाटीत साधे नळाचे किंवा फिल्टरचे पाणी कधीही घालत नाही.

प्रतिसाद – द्राक्षबाग :

ताई, आमच्या वडिलांकडे दम्यासाठी असेच यंत्र आहे. आत्ताच वाटी उघडून खाचेत बोट फिरवून पाहिले. गुळगुळीत आहे. उकळायला ठेवली आहे. वडिलांना कफ नाही, फक्त दमा आहे, तरी हीच पद्धत ठेवायची ना?

गोदातीर :

हो दादा, हीच ठेवा. मात्र आधी पत्रकात उकळण्याबद्दल काय लिहिले आहे ते पाहून घ्या, काही वाट्या उष्णतेने वाकतात. आणि यंत्राच्या मागच्या बाजूस हवा गाळणारा लहानसा स्पंज असतो, तोही काढून पाहा. आईचा काळा पडला होता.